गवत न खाणारा कळप

1956 साली पीटर आणि डॉन सेव्हरिन हे जोडपं लहानग्या मुलाला आणि सुमारे दीड हजार गुरांना घेऊन मध्य ऑस्ट्रेलियात कर्टिन स्प्रिंग्जला राहायला आलं. लाल माती, काटेरी स्पिनिफेक्स गवताचे झुबके आणि चार लाखांहून जास्त हेक्टरांचं रान. बाजाराचं गाव म्हणावं असं अॅलिस स्प्रिंग्ज साडेतीनशे किलोमीटर पलीकडे. पहिल्या वर्षात बाहेरची जी माणसं दिसली, ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. पुढे पावसानं पाठ फिरवली आणि दुष्काळ लांबत लांबत नऊ वर्षांवर गेला.

गुरांवर भागणं अशक्य झालं तेव्हा त्या घराला हात दिला तो रस्त्यानं. शंभरेक किलोमीटर पुढे तो प्रचंड तांबडा खडक आहे, ज्याला तेव्हा सगळे एयर्स रॉक म्हणत आणि आता उलुरू म्हणतात. तो पाहायला निघालेल्या बसगाड्या याच वाटेनं जाऊ लागल्या. धुळीनं माखलेले, तहानलेले प्रवासी उतरत. सेव्हरिन मंडळी त्यांना चहा-खाणं देऊ लागली. हळूहळू खोल्या आल्या, तंबूंसाठी जागा आली, पेट्रोलचा पंप आला. उलुरूवर चढणाऱ्यांसाठी 1964 साली जी साखळी ठोकली, ती बसवणाऱ्यांत पीटर सेव्हरिनही होते. 2019च्या ऑक्टोबरात तिथल्या आदिवासी अनंगू लोकांच्या इच्छेला मान देऊन ती चढाई कायमची बंद झाली. कर्टिन स्प्रिंग्जवर मात्र अजून गुरं आहेत आणि पाहुणेही आहेत. रानातल्या गवतापासून हातकागद बनवण्याचा उद्योगही आता तिथं चालतो.

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातली अशी असंख्य गुरांची आणि मेंढ्यांची रानं, ज्यांना तिथं स्टेशन म्हणतात, आज उतारूंना ठेवून घेतात. कुणी मुख्य घरातली खोली देतं, कुणी लोकर कातरणाऱ्या मजुरांच्या जुन्या चाळीतली, कुणी नुसती नदीकाठची झाडाखालची जागा. जाहिरातींत याला ‘अस्सल आउटबॅक अनुभव’ म्हणतात आणि टोपी घातलेल्या माणसाचा सूर्यास्तातला फोटो छापतात. फोटो खोटा नसतो. पण पाहुणा तिथं का हवा असतो हे त्यातून कळत नाही. ते कळायचं तर आधी जमिनीचा हिशोब मांडावा लागतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं अॅना क्रीक हे जगातलं सर्वांत मोठं चालू गुरांचं स्टेशन मानलं जातं. त्याचं क्षेत्रफळ पंधरा हजार चौरस किलोमीटरांच्या वर आहे. आपला गोवा तिथं चार वेळा मांडता येईल. आकडा ऐकून जहागिरी डोळ्यांपुढे येते, पण अशा कोरड्या पट्ट्यात चौरस किलोमीटरला एखादंच जनावर पोसतं, कधी तेवढंही नाही. जमीन मुळात बहुतेकदा मालकीचीही नसते. ती सरकारकडून भाडेपट्ट्यानं घेतलेली असते आणि पट्ट्याच्या अटींनुसार मुख्यतः जनावरं चारायलाच असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्यटन करायचं तर वेगळा परवाना काढावा लागतो. म्हणजे गोव्याएवढं रान हाती असूनही चार खोल्या भाड्यानं द्यायला सरकारची परवानगी लागते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला बिगरशेती दाखल्याची आठवण झाली तर नवल नाही.

त्यात भावांचं दुखणं. ऑस्ट्रेलियात लोकरीला आधारभावाची योजना होती. 1991च्या फेब्रुवारीत ती कोसळली तेव्हा गोदामांत लाखो गासड्या पडून होत्या आणि मेंढपाळ घराणी एका हंगामात कर्जात गेली. 2011च्या मेअखेरीस इंडोनेशियातल्या कत्तलखान्यांमधल्या क्रौर्याचं चित्रण दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं आणि जूनमध्ये सरकारनं तिकडची जिवंत गुरांची निर्यात एका फटक्यात थांबवली. बंदी महिनाभराची होती, पण उत्तरेकडच्या स्टेशनांचा ऐन विक्रीचा हंगाम गेला. अशा वेळी पाहुणा येतो, पैसे देतो आणि गवताची काडीही न खाता निघून जातो. हा कळप कधी आटत नाही असं मात्र नाही. पेट्रोल महागलं, रस्ता वाहून गेला, साथ आली की तोही आटतो.

स्टेशनवर न कळवता जाऊन चालत नाही. आधी कळवायचं, आणि निघाल्यावर अमुक वाजता पोचतो हेही सांगून ठेवायचं, कारण तुम्ही पोचला नाहीत तर शोधायला त्यांनाच निघावं लागणार. अंतर किलोमीटरांत विचारून उपयोग नसतो. कच्च्या रस्त्यावर चाकांनी पडलेल्या आडव्या पन्हाळ्या असतात. त्यांवरून गाडी इतकी थरथरते की स्क्रू आपसूक सैल होतात. पिठासारखी भुकटी साचलेले खड्डे वरून सपाट दिसतात. समोरून रोड ट्रेन येते. म्हणजे एका इंजिनामागे तीन-चार दुमजली पिंजरे, लांबी त्रेपन्न मीटरांपर्यंत. ती दिसली की मुकाट्यानं बाजूला व्हायचं, कारण ती चटकन थांबू शकत नाही.

फाटकाचा कायदा एकच: उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा. शहरी माणसाला वाटतं, उघडं फाटक लावून आपण उपकार करतोय. पण पलीकडे पाण्याचा एकुलता एक हौद असतो आणि लावलेल्या फाटकामुळे दोन-तीनशे गुरं तहानेनं अलीकडेच तडफडू शकतात. रस्त्यात गाडी बंद पडली तर सावलीला गाडीपाशीच बसायचं, चालत निघायचं नाही, हा दुसरा कायदा. तो मोडल्यामुळे आजवर किती जीव गेले, याच्या कहाण्या प्रत्येक स्टेशनवर ऐकायला मिळतात.

मुख्य घर पत्र्याच्या उतरत्या छपराचं, चारही बाजूंनी रुंद ओसरी असलेलं. भोवती मोजकी हिरवळ. मग पसरत गेलेलं सामान: डिझेलच्या टाक्या, मोडीत निघालेल्या गाड्या, कुत्र्यांचे पिंजरे, मांसाची शीतखोली, हेलिकॉप्टर ठेवायची शेड आणि धावपट्टी. पाहुण्याच्या आंघोळीला गरम पाणी हवं असेल तर अनेक जुन्या स्टेशनांवर ‘डाँकी’ पेटवावी लागते. लोखंडी पिंपाखाली लाकडं घालायची आणि पाणी तापेपर्यंत वाट पाहायची. कोकणातल्या किंवा देशावरच्या घरात ज्यानं बंब पेटवला आहे, त्याला तिथं काही शिकवावं लागणार नाही.

जेवण हा मराठी पाहुण्याच्या दृष्टीनं नाजूक विषय. स्टेशनवर मांस हे भाजीसारखं रोजचं, आणि ते बहुधा गाईबैलाचंच. शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच सांगायचं. स्वयंपाकीणबाई काहीतरी नक्की करतात, पण आयत्या वेळी भाजी आणायला दुकान दोनशे किलोमीटरवर असतं. गंमत अशी, की हजारो गाईंच्या या रानात चहातलं दूध बहुधा पावडरीचं नाही तर खोक्यातलं असतं. ही मांसाची गुरं. त्यांना दावं माहीत नाही, माणसाचा हातही माहीत नाही. वर्षातून एक-दोनदा हेलिकॉप्टर, मोटरसायकली आणि घोडे लावून ती गोळा करायची, वासरांना बिल्ले लावायचे, विकायची ती ट्रकांत चढवायची. बाकी काळ ती आणि ते रान. दुपारच्या आधीच्या चहाच्या सुट्टीला स्मोको म्हणतात आणि ती चुकवणारा गडी अजून जन्माला यायचा आहे. जाळाच्या निखाऱ्यांत भाजलेली डॅम्पर ही जाड पोळीवजा भाकरी सोनेरी पाकाबरोबर खातात. ती मात्र कुठल्याही मराठी जिभेला चालेल.

स्टेशनवर मालकाचं कुटुंब, किंवा कंपनीचं रान असेल तर व्यवस्थापक, यांच्याशिवाय गुरांमागचे जवान गडी असतात, हल्ली तितक्याच मुलीही. स्वयंपाकी असतो आणि मुलं असतील तर गव्हर्नेस असते. ही बहुतेकदा शहरातून वर्षभरासाठी आलेली विशीतली मुलगी. शाळा भरते ती घरातल्याच एका खोलीत. 8 जून 1951ला अॅलिस स्प्रिंग्जच्या फ्लाइंग डॉक्टर या विमानानं डॉक्टर पाठवणाऱ्या सेवेच्या तळावरून रेडिओवर पहिले पाठ सुरू झाले, तीच स्कूल ऑफ द एअर. आता रेडिओची जागा उपग्रहानं आणि पडद्यानं घेतली आहे. एकट्या अॅलिस स्प्रिंग्जच्या शाळेच्या मुलांचा पसारा सुमारे तेरा लाख चौरस किलोमीटरांचा, महाराष्ट्राच्या चौपट. वर्गमित्र एकमेकांना प्रत्यक्ष भेटतात ते वर्षातल्या ठरावीक मेळाव्यांत. त्यामुळे पाहुण्यांच्या मुलांना या घरांत फार भाव असतो. नवं कोणीतरी खेळायला आलेलं असतं.

आजारपणाची व्यवस्था तर पाहण्यासारखी आहे. प्रेस्बिटेरियन पाद्री जॉन फ्लिन यांनी 1928 साली क्वीन्सलंडमधल्या क्लोनकरीहून विमानानं डॉक्टर पाठवायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे. पण रानातल्या माणसानं डॉक्टरला हाक कशी मारायची? 1929च्या सुमारास अल्फ्रेड ट्रेगर यांनी पायानं पेडल मारून चालणारा रेडिओ बनवला तेव्हा ते कोडं सुटलं. आजही दूरच्या स्टेशनांवर फ्लाइंग डॉक्टरची औषधपेटी असते. तिच्यातल्या प्रत्येक औषधाला क्रमांक असतो. डॉक्टर फोनवर ऐकतात आणि सांगतात, अमुक नंबरच्या दोन गोळ्या द्या. यावरचा एक जुना विनोद सगळीकडे सांगतात: नऊ नंबर संपला होता म्हणून एकानं पाच आणि चार मिळून दिला. रात्री विमान उतरवायचं तर घरच्यांनी धावपट्टीवरून गाडी पळवून आधी कांगारू हाकलायचे आणि कडेनं दिवे लावायचे. दिवे नसतील तर डब्यांत डिझेलमध्ये भिजवलेले कागदाचे गुंडाळे पेटवायचे.

पाहुण्यानं स्टेशन खरं पाहायचं असेल तर त्यानं पाण्याच्या फेरीवर जावं. ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भूभागाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन हा भूजलसाठा पसरला आहे. त्यातलं काही पाणी दहा-वीस लाख वर्षांपूर्वी मुरलेलं आहे. 1878 साली न्यू साउथ वेल्समधल्या कल्लारा स्टेशनवर पहिली विंधणविहीर खोदली गेली आणि दाबाखालचं पाणी आपोआप वर आलं. त्या दिवसापासून या रानाचं गणित बदललं. मग सरसकट विहिरी खोदल्या गेल्या. पाणी उघड्या चरांतून मैलोन्मैल वाहू दिलं गेलं आणि त्यातलं बहुतेक उन्हात उडून गेलं. दाब घसरला, शेकडो झरे आटले. गेली काही दशकं सरकार आणि स्टेशनवाले मिळून त्या विहिरींना झडपा बसवताहेत आणि चरांच्या जागी नळ टाकताहेत. जालना-लातूरच्या वाचकाला पुढचं काही सांगायला नको. फरक इतकाच, की तिथं चूक लक्षात आल्यावर मोठ्या प्रमाणावर तोट्या लावल्या गेल्या.

फेरीवरचा गडी दिवसाला दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी हाकतो: हौद भरला आहे का, तरंगती झडप अडकली नाही ना, मेलेलं कांगारू पाण्यात पडलेलं नाही ना. उन्हाळ्यात एक पंप दोन-तीन दिवस बंद राहिला तर कळपच्या कळप जातो. पवनचक्क्या आता बऱ्याच ठिकाणी शोभेपुरत्या उरल्या आहेत. सौर पंप आले, आणि हौदांवर कॅमेरेही. पाहुण्यांना मात्र जुनी चक्कीच हवी असते, फोटोसाठी. काही ठिकाणी जमिनीतून येणारं पाणी इतकं कढत असतं की आधी ते गार करावं लागतं. तिथं हौदात डुंबण्याची सोय हेच पाहुण्यांचं मोठं आकर्षण.

हौदावर आलेली गुरं उत्तर ऑस्ट्रेलियात पाहिली की मराठी माणूस थबकतो. पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबणारी कातडी, मोठे पडलेले कान. इंग्लंडहून आणलेल्या शॉर्टहॉर्न आणि हेरफर्ड गुरांना इथलं ऊन आणि गोचीड सोसवत नव्हते. म्हणून 1933 साली अमेरिकेतून ब्राह्मण जातीची मोजकी जनावरं क्वीन्सलंडमध्ये आणली गेली आणि पुढे उत्तरेकडचे बहुतेक कळप त्या रक्ताचे झाले. अमेरिकेतली ही ब्राह्मण जात भारतातून गेलेल्या बैलांपासून घडलेली. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोरं. यातली शेवटची जात म्हणजे सांगलीच्या पटवर्धनांसह दक्षिणेतल्या मराठा संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात नदीकाठच्या काळ्या, चिकट जमिनीत नांगर ओढण्यासाठी जोपासलेली. कृष्णाकाठी ती आता दुर्मीळ झाली आहे, आणि तिच्या अंगचं पाणी वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीच्या उन्हात हेलिकॉप्टरपुढे धावतंय. बैलपोळ्याला शिंगं रंगवणाऱ्या घरातून आलेल्या पाहुण्याला संध्याकाळच्या ताटाकडे पाहून काय वाटतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

भारतीय माणूसही या रानात नवा नाही. 1860 साली बर्क आणि विल्स यांच्या ऑस्ट्रेलियातल्या शोधमोहिमेसाठी मेलबर्नला जे दोन डझन उंट उतरवले, ते कराचीहून निघाले होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्यांच्याबरोबर आणि नंतर आलेले बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी उंटवाले सरसकट ‘अफगाण’ म्हणून ओळखले गेले. लोकरीच्या गासड्या, पीठ, तारा, खांब हे सगळं रेल्वे येईपर्यंत त्यांनीच वाहिलं. पंजाबी फेरीवाले कापड, सुया, अत्तरं घेऊन स्टेशनामागून स्टेशन हिंडत. बाहेरचं माणूस महिनोन्महिने न दिसणाऱ्या घरांत त्यांची वाट पाहिली जाई, खरेदी होई, पण ओसरीवर बिछाना क्वचितच मिळे. त्यांचा मुक्काम ओढ्याकाठी, स्वतःच्या चुलीसह. 1901च्या स्थलांतर-निर्बंध कायद्यानं नव्यांना दार बंद झालं. आज पर्थ-मेलबर्नची मराठी कुटुंबं शाळांच्या सुट्टीत त्याच घरांत पैसे मोजून उतरतात, हा बदल मला कुठल्याही सूर्यास्ताहून जास्त बघण्याजोगा वाटतो.

पाहुण्यांच्या पैशांनी काय करता येतं, याचं सर्वांत धाडसी उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मर्चिसन भागातलं वूलीन स्टेशन. मर्चिसन हा तालुका म्हणावा असा शायर, पण त्यात एकही गाव नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ मेंढ्यांनी ही जमीन खरवडली होती. नदीकाठ उघडे पडले होते, पावसाचं पाणी मुरायचं सोडून माती घेऊन जात होतं. डेव्हिड पोलॉक यांनी 2007 साली वडिलांकडून कारभार घेतला आणि पत्नी फ्रान्सिस यांच्या साथीनं काही वर्षं रानातली गुरं काढूनच टाकली. चराईचा पट्टा आणि चरायला काही नाही! घर चाललं ते पाहुण्यांवर. दगडी जुन्या घरात खोल्या, रात्री सगळ्यांनी एका टेबलावर जेवण, दिवसा मालकांबरोबर रान पाहणं: इथं बांध घातला, इथं गवत परतलं, इथं अजून नाही. पोलॉक यांनी डिंगो या रानटी कुत्र्यांनाही मारणं थांबवलं, कारण ते मोकाट शेळ्या आणि कांगारूंची संख्या आटोक्यात ठेवतात. ऑस्ट्रेलियात डिंगो बाहेर ठेवण्यासाठी साडेपाच हजार किलोमीटरांहून लांब कुंपण आहे, हे लक्षात घेतलं की शेजाऱ्यांना काय वाटलं असेल याची कल्पना येते. पोलॉक यांनी 2019 साली या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं सगळंच बरोबर आहे असं म्हणायला मी जाणकार नाही. पण पाहुण्यानं दिलेल्या पैशांत एखाद्या नदीकाठाला चार वर्षं विसावा मिळतो, हे गणित मला पटतं. बहुतेक स्टेशनं हे करत नाहीत. तिथं पाहुणा हा गुरांच्या जागी येत नाही, गुरांच्या भरीला येतो.

त्याच मर्चिसनमधल्या बुलार्डी स्टेशनच्या जमिनीवर जगातली एक अजस्र रेडिओ दुर्बीण, एसकेए, उभी राहते आहे. माणूस नाही म्हणून मोबाइल नाही, मोबाइल नाही म्हणून आकाश ऐकू येतं. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेचा या प्रकल्पात मोठा वाटा आहे आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी तिच्या पूर्वतयारीच्या दुर्बिणींत गणली जाते. या भागातल्या पाहुण्याला फोन लागत नसेल तर त्यानं कुरकुरू नये, एवढंच.

ती जमीन वजारी यामाजी या आदिवासी लोकांची. आणि इथूनच पाहुणचाराचा अवघड प्रश्न सुरू होतो. ओसरीवर भिंतीला लावलेले जुने फोटो पाहिले तर घोड्यांवर बसलेले बहुतेक चेहरे काळे दिसतात. ही स्टेशनं आदिवासी गुराख्यांच्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांच्या श्रमांवर उभी राहिली. त्यांच्याच जमिनीवर, पीठ-साखर-चहाच्या शिध्यावर आणि गोऱ्या गड्याच्या मानानं नाममात्र पैशांवर. 1966च्या ऑगस्टमध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागून सुमारे दोनशे गुरिंजी स्त्री-पुरुष-मुलं लॉर्ड वेस्टीच्या कंपनीचं वेव्ह हिल स्टेशन सोडून चालू लागली आणि वॅटी क्रीकला मुक्काम ठोकून बसली. मजुरीच्या मागणीतून लवकरच जमिनीची मागणी वर आली. नऊ वर्षांनी, 16 ऑगस्ट 1975ला, पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती घातली.

हे माहीत असलेला पाहुणा स्टेशन निवडताना दोन प्रश्न जास्त विचारतो: जमीन कुणाची, आणि पाहुणचाराचा फायदा कुणाला? किंबर्लीतल्या गिब रिव्हर रोडवर, जो सहाशे साठ किलोमीटरांचा रस्ता मुळात गुरं बंदरापर्यंत न्यायलाच बांधला, होम व्हॅली स्टेशन आदिवासींसाठीच्या सरकारी जमीन संस्थेनं बलंगारा लोकांकरता विकत घेतलं आणि तिथं तरुण मुलामुलींना पर्यटनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. शेजारच्या एल क्वेस्ट्रोचा मोठा भाग अलीकडे नगारिन्यिन लोकांच्या संस्थेकडे परत गेला. पर्यटन चालवणारी कंपनी आता त्यांची भाडेकरू आहे.

वेव्ह हिलवर 2020च्या सप्टेंबरात न्यायालयानं स्टेशनच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरही गुरिंजी आणि संबंधित लोकांचा मूळ हक्क मान्य केला. गुरं तिथं अजून चरतात, कारण ऑस्ट्रेलियन कायद्यात भाडेपट्टा आणि मूळ हक्क एकाच जमिनीवर नांदू शकतात. दर ऑगस्टमध्ये तिथल्या कालकरिंजी गावी त्या पायी निघण्याचा वर्धापनदिन साजरा होतो. फुटबॉलचे सामने असतात, गाणी असतात, म्हातारी माणसं वाटेवरच्या खुणा दाखवतात. बाहेरून येणाऱ्यांनी तंबू आणि पाणी आपलं आपण आणायचं असतं, आणि कुठं उतरायचं ते गुरिंजी सांगतात.